वर्गातील वादविवाद : वाणी आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



मंडळाने ह्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही व्यवसायाने शिक्षक. आयुष्याची बत्तीस वर्षे खडू आणि फळा यांच्या सहवासात गेली. तेव्हा मोठ्या विद्वत्तेचा आव आणण्याचा आमचा अधिकार नाही. वर्गात जे पाहिले, जेथे चुकलो आणि त्या चुकीतून जे थोडेफार उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवण्याचा मानस आहे. विषय आहे वर्गातील वादविवाद.

गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणच्या वक्तृत्वस्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. अशाच एका स्पर्धेत एक चिमुरडा मोठ्या आवेशाने बोलत असता मध्येच अडखळला. त्याने क्षणभर डोळे मिटले नाहीत की विचार केला नाही. त्याने तिसऱ्या रांगेत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिले. आईचे ओठ हलले आणि भाषण पुन्हा धो धो वाहू लागले. सभागृह हसले, आम्हीही हसलो. पुढे त्या मुलाला बक्षीस मिळाल्यावर आम्ही त्याला जवळ घेऊन सहज विचारले, “बाळ, तू जे बोललास त्याच्या उलट कोणी म्हणाले, तर तू काय सांगशील?” तो गोंधळला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, ते भाषणात नव्हतं.”

पाठांतराची आम्ही निंदा करीत नाही. पाठांतराने वाणीला वळण लागते, उच्चार शुद्ध होतात, सभेची भीती मोडते. परंतु पाठ केलेले भाषण संपते तेथेच मुलाची वाणीही संपत असेल, तर ती वाणी त्याची नव्हे. पूर्वी भाषण वडील किंवा मास्तर लिहून देत. आता मोबाईलला विषय सांगितला की क्षणार्धात भाषण तयार होऊन हाती पडते. ज्या काळात शब्द इतके स्वस्त झाले, त्या काळात मुलांना बोलावयास शिकविणे म्हणजे नेमके काय शिकविणे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने स्वतःला विचारला पाहिजे.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार पूर्वी आणि फार बारकाईने झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्याचा निर्णय व्हावा म्हणून दोन्ही पक्ष प्रमाणे देऊन जी चर्चा करतात तो वाद. केवळ जय मिळावा म्हणून, प्रसंगी शब्दच्छल करूनही, जी चालते तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडीत बसणे ही वितंडा. शब्दच्छलाचे जुने उदाहरण तर वर्गातील मुलांना फारच आवडते. एकजण म्हणतो, “हा मनुष्य नवकंबल आहे,” म्हणजे त्याच्याजवळ नवी कांबळी आहे. दुसरा लगेच म्हणतो, “नऊ कांबळी कोठे आहेत? मला तर एकच दिसते!” बोलणाऱ्याचा आशय समजूनही शब्दाला चिमटा काढावयाचा, ही युक्ती दोन हजार वर्षांची जुनी असली तरी आजही ताजी आहे. चरकसंहितेतही वैद्यांनी परस्परांशी चर्चा करावी असे सांगून, अशा चर्चेने ज्ञान वाढते, बोलण्याची शक्ती येते आणि संशय फिटतात, असे म्हटले आहे. स्नेहभावाने चाललेल्या चर्चेत हरण्याच्या भीतीने कचरू नये आणि दुसऱ्यास निरुत्तर केल्याचा हर्षही मानू नये, असा उपदेश त्यात आहे.

अशी ज्यांची परंपरा, त्या आपल्या घरांत ‘वाद’ हा शब्द मात्र भांडणाच्या अर्थाने रूढ झाला. “मोठ्यांशी वाद घालू नकोस” ही मुलाला मिळणारी पहिली ताकीद. वाद आणि वितंडा यांतील भेद आपण विसरलो, आणि हा भेद विसरल्याचे प्रायश्चित्त आम्हां स्वतःस घ्यावे लागले आहे. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गात मोठ्या हौसेने वादविवादसभा भरविली. विषय होता, खेड्यातील जीवन चांगले की शहरातील. एका बाजूला वर्गातील सर्वांत बोलका मुलगा. दुसऱ्या बाजूला एक अभ्यासू मुलगा, बोलताना थोडा अडखळणारा. ह्या दुसऱ्या मुलाने आठ दिवस खपून तयारी केली होती. त्याचे दोन मुद्दे सांगून झाले, तोच बोलका मुलगा उठला आणि उत्तर देताना त्याच्या अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली. सारा वर्ग पोट धरून हसला. आणि आम्ही? आम्हीही हसलो. इतकेच नव्हे, तर हजरजबाबीपणाबद्दल त्या बोलक्या मुलाला पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. दुसरा मुलगा शाळा सोडीपर्यंत वर्गात पुन्हा कधी आपण होऊन बोलावयास उभा राहिला नाही.

पुष्कळ वर्षांनी तो आम्हांस एका एस.टी. स्थानकावर भेटला. वाकून नमस्कार केला, चहा पाजला, घरची खुशाली सांगितली. गाडी लागली तेव्हा आमची पिशवी वर चढवून देता देता तो म्हणाला, “सर, त्या दिवशी माझ्या वहीत सात मुद्दे होते. मी दोनच सांगितले.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. राहिलेले पाच मुद्दे कोणते, हे विचारावयास आम्हांस तोंड नव्हते.

सज्जनहो, आम्ही त्या दिवशी वादसभा भरविली नव्हती. कोंबड्यांची झुंज लावली होती. तेव्हापासून वर्गातील वादविवादाचे काही नियम आम्ही हळूहळू बसवीत गेलो. कोणाही शिक्षकास उपयोगी पडतील म्हणून ते थोडक्यात सांगतो.

पहिला नियम : पक्ष चिठ्ठी टाकून ठरावयाचा. स्वतःला न पटणारी बाजू मांडण्याची पाळी आली की मुलाला त्या बाजूच्या माणसांच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. दुसरा नियम : प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत मांडावयाचे, आणि “होय, माझे म्हणणे हेच” असे प्रतिपक्षाने कबूल केल्यावरच पुढे बोलावयाचे. हा नियम दिसतो साधा, पण प्रौढांनाही जड जातो. शास्त्रग्रंथांतून पूर्वपक्ष आधी मांडण्याची जी शिस्त आहे, तिचेच हे बालरूप समजावे. तिसरा नियम : कोणतेही विधान झाले की “कशावरून?” असे विचारण्याचा हक्क वर्गातील प्रत्येकास आहे. स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले, की कोठे वाचले, हे सांगता आले पाहिजे. ‘सगळेच म्हणतात’ हे प्रमाण नव्हे. चौथा नियम : माणसावर बोलावयाचे नाही. आवाज, कपडे, घर, गाव, वडिलांचा धंदा यांचा उल्लेख झाला की ती बाजू तेथेच थांबवावयाची. पाचवा नियम : पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर बाजूंची अदलाबदल करावयाची.

वर्गात साठ मुले आणि हाती पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, यात हे कसे बसावयाचे, असे विचारले जाते. दोन्ही बाजूंचे तीन-तीन वक्ते, प्रत्येकास दोन मिनिटे, ही झाली बारा मिनिटे. दहा मिनिटे प्रश्नांना. उरलेल्या वेळात ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाने वहीत दोन गोष्टी लिहावयाच्या : आपल्याला न पटलेल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, आणि आपले मत बदलले काय, बदलले असल्यास कशामुळे. महिन्यातून एकदा सहा-सहांचे गट करून बाकांवरच वाद चालवावा, म्हणजे व्यासपीठाला भिणारे मूलही पाच जणांपुढे तोंड उघडते. वर्गात कलकलाट होतो हे खरे. पण तो बाजाराचा कलकलाट नसून कामाचा आहे, हे मुख्याध्यापकांना एकदा पटवून द्यावे लागते.

विषयांची निवड हीही महत्त्वाची बाब आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ ह्या विषयाने आपल्या शाळांतून इतकी वर्षे सेवा केली आहे, की त्याला आता सन्मानाने निवृत्तिवेतन द्यावे. त्याच्या दोन्ही बाजू आयत्या मिळतात. शोधण्यासारखे काही उरत नाही. विषय असा असावा की ज्यासाठी मुलाला चार माणसांकडे जाऊन चौकशी करावी लागेल. गृहपाठ असावा काय, शाळेच्या मैदानाचा तुकडा बागेसाठी द्यावा काय, असे जवळचे विषय घ्यावेत.

एका वर्षी आम्ही ठराव मांडला : ‘विवाहसमारंभ थाटामाटाने करणे योग्य आहे.’ आपल्या समाजात हा विषय किती नाजूक आहे, हे आपण जाणताच. चिठ्ठ्या निघाल्या. ज्या मुलाचे वडील मांडव घालण्याचा धंदा करीत, त्याच्याकडे ठरावाच्या विरुद्ध बोलणे आले. आणि जिच्या घरी थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटत होते, त्या अबोल मुलीकडे ठरावाची बाजू आली. आम्ही तिला गुपचूप विचारले, “बदलून देऊ का?” तिने मानेनेच नाही म्हटले.

ती मुलगी आचाऱ्याकडे गेली, वाजंत्री मंडळींकडे गेली, फुलवालीकडे गेली. लग्नसराईचे काही महिने ह्या लोकांचे वर्षभराचे पोट भरतात, हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकून वर्गाला सांगितले. मांडववाल्याच्या मुलाने वडिलांची उधारीची वही मागून घेतली आणि थाटाची लग्ने केलेल्या कितीतरी घरांकडे पैसे थकले आहेत, हे नावे न घेता मांडले. वर्ग इतका शांत होऊन ऐकत होता, की तास संपल्याची घंटा आम्हांस नकोशी झाली.

दुसऱ्या आठवड्यात बाजू बदलल्या. आता ती मुलगी आपल्या मनातले बोलणार होती. आम्हांस वाटले, ती सारा सल बाहेर काढील. पण तिने आरंभच असा केला की, “मागच्या आठवड्यात मी ज्यांची बाजू मांडली, त्यांचं पोट विसरून मला बोलता येणार नाही.” आणि पुढे तिने सुचविले की मांडव लहान असावा, पंगती थोड्या असाव्यात, पण जे काम करतील त्यांची मजुरी त्याच दिवशी रोख चुकती व्हावी. हा मार्ग ठरावातही नव्हता आणि आमच्या डोक्यातही नव्हता. दोन्ही बाजूंनी चालून आल्यावाचून तो कोणाला दिसला नसता. चिकित्सक विचार ज्याला म्हणतात, तो हाच असे आम्हांस वाटते.

आता प्रमाणाविषयी दोन शब्द. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील १८९७ हे वर्ष प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. न्यायमूर्ती रानड्यांचे मार्गदर्शन आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थशास्त्राच्या जाणकाराचे साहाय्य घेऊन त्यांनी आकड्यांची अशी तयारी केली होती, की उलटतपासणीत त्यांचे म्हणणे ढळले नाही. परंतु त्याच मुक्कामात, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी मित्रांच्या पत्रांतून कळलेले आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर ते आरोप सिद्ध करण्याजोगा पुरावा त्यांना पुढे करता आला नाही, आणि त्यांनी उघडपणे क्षमा मागितली. ह्याबद्दल स्वकीयांकडूनही त्यांना कठोर बोल ऐकावे लागले. ती क्षमायाचना योग्य होती की नाही, ह्यावर आजही वाद घालता येईल. वर्गात तो अवश्य घालावा. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पुराव्यानिशी बोललेला शब्द उलटतपासणीतही उभा राहतो, आणि पुराव्यावाचून उच्चारलेला शब्द सज्जन माणसालाही खाली पाहावयास लावतो. हातातल्या मोबाईलवर आलेला मजकूर न तपासता पुढे धाडणाऱ्या आपणां सर्वांना हा धडा लागू आहे.

ह्या उपक्रमाला होणारे आक्षेप आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. एक आक्षेप अभ्यासक्रम पुरा होण्याचा. त्याचे उत्तर असे, की धड्यातलाच विषय घेऊन वाद घालता येतो. इतिहास आणि नागरिकशास्त्र तर त्यासाठीच आहेत. दुसरा आक्षेप वडील मंडळींचा, आणि तो अधिक मनापासूनचा असतो : “अशाने मुले उद्धट होतील.” ह्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही एका प्राचीन संवादाची आठवण देतो. ‘मिलिंदपञ्ह’ ह्या पाली ग्रंथात मिलिंद राजा नागसेन भिक्षूंना चर्चेचे आमंत्रण देतो. नागसेन विचारतात, की चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत म्हणणे उलगडले जाते, खोडले जाते, चूक कबूल केली जाते, आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र जो राजाचे म्हणणे मान्य करीत नाही त्याला शिक्षा होते. राजाने पंडितांची रीत पत्करली आणि मगच तो संवाद सुरू झाला.

वर्गात आम्ही शिक्षक राजे असतो आणि घरात आपण वडीलधारी माणसे राजे असता. मूल उद्धट होते ते त्याला प्रश्न विचारू दिल्यामुळे नव्हे, तर प्रश्न सभ्यपणे कसा विचारावा हे कोणी न शिकविल्यामुळे. जे मूल दुसऱ्याचे म्हणणे आधी नीट सांगून मग “पण मला असं वाटतं” म्हणावयास शिकले, त्याच्याइतके विनयी मूल आम्ही पाहिले नाही. आणि मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी आपली सभा काढली, तीत निबंध वाचले, चर्चा केल्या. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. विद्यार्थ्यांच्या चर्चेचे एवढे मोठे फळ ज्या मुलींना मिळाले, त्यांच्या लेकी-नाती आजही आपल्या सभांतून मागच्या रांगांत मुक्याने बसाव्यात, हे शोभणारे नाही.

आता मंडळापुढे आमची नम्र सूचना. पुढील वर्षापासून वक्तृत्वस्पर्धेबरोबर एक वादसभा ठेवावी. विषय पंधरा दिवस आधी द्यावा. पक्ष मात्र व्यासपीठावर चिठ्ठीने ठरावा, म्हणजे लिहून दिलेल्या भाषणाचा उपयोग होणार नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे जो अथवा जी सर्वांत प्रामाणिकपणे मांडील, त्या विद्यार्थ्यास उत्तम श्रोता म्हणून स्वतंत्र पारितोषिक द्यावे. त्याचा खर्च आम्ही आनंदाने देऊ. आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी एक तास विद्यार्थ्यांना द्यावा आणि त्यांनी आपल्या मंडळाच्याच प्रश्नांवर वाद घालावा. शिष्यवृत्ती गुणांवर द्यावी की गरजेवर? ती केवळ ज्ञातीतील मुलांना असावी, की शेजारच्या कोणत्याही गरजू मुलाला मिळावी? ह्या प्रश्नांवर आमचे स्वतःचे मत आहे, पण ते आज आम्ही सांगणार नाही. मुलांनी दोन्ही बाजू मांडाव्यात आणि आपण वडील मंडळींनी तो एक तास न बोलता ऐकावे. बोलण्याचे धडे मुलांना हवेत तसे ऐकण्याचे आपल्यालाही हवेत.

हे फार धाडसाचे वाटत असेल, तर आपल्या राज्यघटनेच्या जन्मकथेकडे पाहावे. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हरि विष्णु कामत, डॉ. पंजाबराव देशमुख प्रभृती विरोधी सूर लावणाऱ्या सभासदांचे आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, ते नसते तर घटनेमागील तत्त्वे स्पष्ट करण्याची संधीच मिळाली नसती, अशा आशयाचे ते उद्गार होते. विरोधकाचे ऋण जाहीरपणे मानणे, ही वादाची परमावधी होय. ज्या देशाचा कायदा अशा वादातून घडला, त्या देशातील मुलांना वाद शिकविणे हे नागरिक घडविण्याचेच काम आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुम्हांला मिळालेली पदके तुमच्या गुणांची आहेत. त्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु तुमच्या शेजारी बसलेल्या, पदक न मिळालेल्या मुलाच्या वहीतही काही मुद्दे असतील, हे विसरू नका. पुढच्या वर्षी ह्याच व्यासपीठावर ते सारे ऐकावयास मिळावेत. आमच्या एका विद्यार्थ्याचे पाच मुद्दे आमच्या हसण्यामुळे कायमचे राहून गेले; तसे पुन्हा कोणाच्या बाबतीत घडू नये, एवढ्याचसाठी आज येथे उभे राहिलो.

 नुसते ऐकून सोडू नका. ह्यात न पटलेले जे असेल ते चहाच्या वेळी अवश्य विचारा. “कशावरून?” ह्या प्रश्नाने आरंभ केलात, तर आम्हांस अधिक आनंद होईल.